विश्लेषण : खड्ड्यातून जाताना गाडी ‘खडखड’ का वाजते? शॉकअप बदलण्याआधी काय तपासाल?

गणपती गेले गावाला, की शहरातल्या गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते. कुणी मुंबई-गोवा महामार्गावरून आलेलं असतं, कुणी कात्रज-कोंढवा रस्त्यावर रोज आदळत असतं, कुणी भिवंडीच्या खड्ड्यांतून सुटून आलेलं असतं. तक्रार मात्र एकच असते, ‘पुढून खडखड आवाज येतोय.’ आणि बऱ्याचदा त्यावर मिळणारं उत्तरही एकच असतं, ‘साहेब, शॉकअप गेलेत.’

हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी नसतं. नसतं तेव्हा काय होतं हे मी स्वतः अनुभवलं आहे. माझी गाडी नऊ वर्षं जुनी, सेकंडहॅण्ड घेतलेली छोटी हॅचबॅक. गेल्या पावसाळ्यात कोकणातून परत आल्यावर तिच्या पुढच्या डाव्या बाजूने आवाज सुरू झाला. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर दहा-पंधराच्या वेगाने गाडी नेली, की डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजायचं. महामार्गावर ऐंशीला काहीच नाही. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मुलाने पुढची बाजू दोनदा दाबली आणि निकाल दिला, दोन्ही शॉकअप बदलावे लागतील. साडेअकरा हजार रुपये दिले, गाडी घेऊन निघालो आणि गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच खड्ड्यात तीच खडखड.

चार दिवसांनी दुसऱ्या एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारला, ‘दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली की वाजतं, की एकच चाक खड्ड्यात गेलं की?’ मी विचार करून सांगितलं, एकच चाक गेलं की. काका म्हणाले, ‘मग लिंक रॉड बघू.’ जोडी बदलली, मजुरीसह सतराशे रुपये. आवाज बंद. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची चार वर्षं, त्यात कंपनांवरचा एक अख्खा पेपर पास केलेला मी, आणि तो एक प्रश्न मला सुचला नव्हता. हा लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे.

आवाज नेमका येतो कुठून?

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांच्या पुढच्या चाकांना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ प्रकारचं सस्पेन्शन असतं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली. कमी जागा, कमी भाग, कमी खर्च. छोट्या गाड्यांसाठी अगदी सोयीचं. आपल्याकडे मारुती ८०० मधून ही रचना घराघरांत पोहोचली आणि आज बहुतेक हॅचबॅकमध्ये तीच आहे.

बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना, चाकांच्या वर, एक गोल टोपी किंवा नट दिसतो. तिथे स्ट्रटचं वरचं टोक शरीराला बांधलेलं असतं. त्या जागी रबराचं माउंटिंग आणि त्याच्याखाली बेअरिंग असतं, कारण स्टीअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट फिरतो. स्ट्रट म्हणजे आत शॉकअप आणि बाहेर स्प्रिंग. खालचं टोक चाकाच्या नकलला बोल्टने घट्ट. नकल खालून पकडून ठेवतो तो लोअर आर्म. या आर्मला गाडीच्या बाजूला दोन रबरी बुश आणि चाकाच्या बाजूला एक बॉल जॉइंट. शिवाय स्टीअरिंग रॅकमधून येणारा टाय रॉड. आणि डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा एक वाकवलेला पोलादी दांडा, ज्याला अँटी रोल बार किंवा स्टॅबिलायझर म्हणतात. काही स्वस्त मॉडेलमध्ये हा दांडा नसतो, किंवा लिंकशिवाय थेट लोअर आर्मला जोडलेला असतो. तेव्हा पुढचं वाचण्याआधी आपल्या गाडीत लिंक आहे का, हे एकदा वाकून पाहा.

म्हणजे एका चाकामागे वाजू शकणाऱ्या किमान सात-आठ जागा झाल्या. सगळ्यांचं काम एकच, चाकाला हलू द्यायचं पण मोकळं सोडायचं नाही. यातला कुठलाही सांधा अर्धा-एक मिलिमीटर ढिला झाला, की धातूवर धातू किंवा धातूवर प्लास्टिक आपटतं. एवढ्याशा ढिलाईचा एवढा आवाज का? कारण गाडीचं शरीर म्हणजे पत्र्याचा डबा आहे. सांधा टिचकी मारतो, डबा ती मोठी करून ऐकवतो. याच कारणाने डावीकडचा आवाज कधी कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि ‘मला तर नक्की इथूनच ऐकू येतंय’ या वाक्यावर अनुभवी मिस्त्री फारसा विश्वास ठेवत नाही.

लिंक रॉड म्हणजे काय आणि तोच का वाजतो?

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. हे झुकणं कमी करायला अँटी रोल बार असतो. एक बाजू दबली आणि दुसरी उचलली गेली, की हा दांडा पिळला जातो आणि पीळ सोडवण्यासाठी दोन्ही बाजू सारख्या करू पाहतो. या दांड्याचं टोक स्ट्रटशी जोडणारी, साधारण वीतभर किंवा त्याहून थोडी लांब सळई म्हणजे लिंक रॉड. तिच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात : प्लास्टिकच्या वाटीत पोलादी गोळा, भोवती ग्रीस, वरून रबराची टोपी.

आता पावसाळा. रबराची टोपी उन्हाने आणि वयाने तडकलेली असते. त्या चिरेतून चिखलाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, बारीक वाळू पॉलिश पेपरसारखी काम करते. वाटी झिजते. गोळा वाटीत सैल होतो. एक चाक खड्ड्यात उतरतं, बार पिळतो, गोळा वाटीच्या एका बाजूला आपटतो. चाक वर येतं, पीळ उलटा होतो, गोळा दुसऱ्या बाजूला आपटतो. खड्डे ओळीने असले, की टक-टक-टक-टक, म्हणजेच खडखड.

मिस्त्रीकाकांच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. दोन्ही चाकं एकदम वर चढली तर बार पिळला जात नाही, नुसता आपल्या बुशांमध्ये फिरतो. लिंक रॉडवर भार जवळजवळ येतच नाही, म्हणून तो गप्प राहतो. तेव्हा रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक शोधा. त्यावरून सरळ, हळू गाडी न्या. मग परत येऊन तीच गाडी तिरकी न्या, म्हणजे आधी एक चाक चढेल, मग दुसरं. सरळ गेल्यावर शांतता आणि तिरकं गेल्यावर खडखड असेल, तर संशय लिंक रॉडवर किंवा बारच्या बुशांवर. दोन्ही वेळा आवाज असेल, तर शॉकअप, माउंटिंग, लोअर आर्म अशी चौकशी सुरू करायची. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे आणि माझ्या हिशेबाने ती न केल्याचा खर्च साडेअकरा हजार आहे.

महामार्गावर आवाज का गायब होतो? रस्ता तिथे बरा असतो, चाकांची वर-खाली हालचाल लहान असते आणि टायर-वाऱ्याच्या आवाजात उरलंसुरलं बुडून जातं. आवाज थांबला म्हणजे सांधा बरा झाला, असं नाही. जाता जाता, इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांना ‘या गाडीचं सस्पेन्शन फार वाजतं’ असं वाटतं त्यातही थोडा भाग हाच आहे. इंजिनाची घरघर नसल्याने इतकी वर्षं झाकलेले आवाज ऐकू येतात.

पण आधी डिकी रिकामी करा

हे हास्यास्पद वाटेल, पण खरं आहे. स्टेपनीखालचा जॅक आणि पाना त्यांच्या खोबणीतून निसटलेले असतात. सीटखाली पाण्याची बाटली असते. मागचा सीटबेल्ट न लावल्याने त्याचं बक्कल प्लास्टिकवर आपटत असतं. डिकीवरचा पार्सल ट्रे, ढिली नंबर प्लेट, मागच्या सीटचं कुलूप, बॅटरीची सुटलेली पट्टी, सायलेन्सरवरचं उष्णतारोधक पत्र्याचं कवच. यातलं प्रत्येक सस्पेन्शनसारखं वाजू शकतं. गाडी रिकामी करा, मोकळ्या गोष्टी काढा, मग पुन्हा त्याच रस्त्यावरून जा. गाडी उभी असताना, इंजिन चालू असतानाही खणखण येत असेल, तर तो आवाज सस्पेन्शनचा नाहीच. बहुधा सायलेन्सरचं कवच किंवा हँगर.

खडखड, टकटक, धप्प, कुरकुर : आवाज नीट सांगा

मराठीत आवाजांना शब्दांची ददात नाही आणि गॅरेजमध्ये त्याचा खरोखर उपयोग होतो. ‘आवाज येतोय’ एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखं.

मोठ्या खड्ड्यात एकदाच ‘धप्प’ किंवा ‘ठप्प’ होत असेल, तर शॉकअप तळाला टेकतोय किंवा वरचं माउंटिंग बसलंय अशी शंका घ्यावी. त्यासोबत गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली, ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली गेलं, तर शॉकअपची शंका बळावते. ब्रेक लावताना किंवा पहिल्या गिअरमध्ये निघताना एकच ‘टक्’ होत असेल, तर लोअर आर्मचा बुश फाटलेला असू शकतो, कधी इंजिनाचं माउंटिंगही. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की ‘टंग’ करून स्प्रिंग उसळल्यासारखं वाजलं, तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकतंय. गतिरोधकावर जुन्या झोपाळ्यासारखी ‘कुरकुर’ आली, तर रबरी बुश कोरडे पडलेत. खडखड स्टीअरिंगच्या चाकात हाताला जाणवत असेल, तर रॅक, रॅकचा बुश किंवा रॅक एंड बघायला सांगा.

एक गंमत ब्रेकची. खराब रस्त्यावर आवाज येत असताना ब्रेकवर नुसता हलका पाय ठेवा. खडखड थांबली तर दोषी सस्पेन्शन नाही, कॅलिपरच्या पिना किंवा ब्रेक पॅड सैल आहेत. मागे कुणी नसताना, हळू वेगात हे करून पाहा.

वेगासोबत वाढत जाणारी ‘घोंघों’ चाकाच्या बेअरिंगची आणि पूर्ण वळण घेताना येणारी ‘कटकट’ अॅक्सलच्या जॉइंटची. दोन्ही वेगळे विषय, इथे फक्त ओळख.

घरच्या घरी आणखी काय तपासता येईल?

मोबाइल हे यातलं सर्वात स्वस्त उपकरण आहे. कुणाला तरी शेजारी बसवून आवाज रेकॉर्ड करायला सांगा आणि बोलत राहा, ‘आता डावं चाक खड्ड्यात, आता दोन्ही, आता ब्रेक.’ गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी हटकून शहाण्यासारखी वागते, तेव्हा हे रेकॉर्डिंग कामी येतं. स्वतः गाडी चालवत असाल तर फोन हातात नको, एवढं सांगायला नको. दुसरी युक्ती भिंतीची. कंपाउंडच्या भिंतीला लागून हळू गाडी चालवा, त्या बाजूची काच खाली करा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि डावं-उजवं ठरवणं सोपं जातं. परतताना दुसरी बाजू भिंतीकडे ठेवा.

मग वाकून बघा. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलं, की चाकामागची जागा मोकळी होते आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो. लिंक रॉडच्या टोकांच्या रबरी टोप्या फाटल्यात का, शॉकअपच्या नळीवर तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ आहे का, लोअर आर्मच्या बुशाला चीर आहे का. शॉकअपवर नुसती ओलसर पुसट झाक आणि ओघळ यांत फरक आहे. ओघळ असेल तर प्रश्न मिटला, शॉकअप गेला.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप कमजोर. पण ही चाचणी ढोबळ आहे. पूर्ण मेलेला शॉकअप ती पकडते, निम्मा थकलेला सोडून देते. आणि लिंक रॉडबद्दल तर ती काहीच सांगत नाही, कारण दोन्ही हातांनी पुढचा मध्य दाबला की दोन्ही बाजू सारख्याच खाली जातात. माझ्या गाडीचं निदान याच दोन दाबांवर झालं होतं.

चाक हलवून बघण्याची चाचणी जास्त बोलकी. सपाट जागा, हॅण्डब्रेक, गिअर, मागच्या चाकांना दगड, मग जॅक. चाक जमिनीवरून उचललं, की घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. ढिलाई जाणवली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथे ढिलाई असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंटकडे लक्ष द्या. गाडी फक्त जॅकवर असताना अंगाचा कुठलाही भाग तिच्याखाली घालायचा नाही. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यासाठी असतो, खाली झोपून काम करण्यासाठी नाही. विटांचा टेकूही नको. भाराने वीट फुटते.

लिंक रॉड मात्र अशा एका जॅकवर तपासू नये. एकच बाजू उचलली की बार पिळला जातो, गोळा वाटीच्या एका कडेला घट्ट दाबून बसतो आणि झिजलेला सांधाही हाताला ठणठणीत लागतो. ‘मी हलवून बघितला, काही प्ले नाही’ असं सांगणारे अनेक जण इथे फसतात. दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत : एकतर दोन खांबांच्या लिफ्टवर दोन्ही लटकलेली किंवा रॅम्पवर दोन्ही टेकलेली. मग लिंक मुठीत धरून झटका दिला, की झिजलेला सांधा टक् करून कबुली देतो.

गॅरेजमध्ये काय सांगाल, काय विचाराल?

पहिली गोष्ट, ‘शॉकअप बदला’ असं आपणहून सांगू नका. लक्षण सांगा, औषध नको. दुसरी, मिस्त्रीला शेजारी बसवून ट्रायल मारा आणि आवाज जिथे हमखास येतो त्याच रस्त्यावर मारा. तिसरी, कुठला भाग ढिला आहे ते गाडी लिफ्टवर असताना दाखवायला सांगा. ज्याला खात्री असते तो पाच सेकंदांत हलवून दाखवतो. ‘किलोमीटर झालेत, बदलावेच लागतात’ हे उत्तर निदान नाही.

लिंक रॉडचा संशय असेल आणि तरी शंका असेल, तर आणखी एक पक्की परीक्षा गॅरेजमध्ये करता येते. दोन्ही बाजूंचे लिंक सोडवून, बार कुठे घासत नाही हे बघून, गाडी गल्लीत चालण्याच्या वेगाने फिरवून आणायची. आवाज गेला तर निदान पक्कं, राहिला तर पुढचा संशयित. हे फक्त मिस्त्रीच्या देखरेखीत, गल्लीपुरतंच. अशा अवस्थेत गाडी वळणावर नेहमीपेक्षा जास्त झुकते.

आणि जुने भाग परत मागा. मी मागितले नव्हते. त्यामुळे माझे आधीचे शॉकअप खरंच गेले होते की चांगले होते, हे मला आजही सांगता येत नाही. त्या गॅरेजने फसवलं असं मी म्हणू शकत नाही, कदाचित घाईत चुकीचं निदान झालं असेल. पण पैसे माझे गेले आणि पुरावा भंगारात गेला.

इथे एक बाजू गॅरेजचीही आहे. निदानाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. अर्धा तास गाडीखाली घालवून ‘काही बदलायची गरज नाही, एक नट आवळला’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीच्या हातावर आपण पन्नासची नोट ठेवतो आणि साडेअकरा हजारांचं बिल मुकाट भरतो. मग त्याने कशात रस घ्यावा? नुसत्या तपासणीचे पैसे किती, हे आधीच विचारून ते मोकळ्या मनाने देणं दोघांच्याही फायद्याचं आहे.

कोणता आवाज घेऊन पुढे जायचं नाही?

लिंक रॉड झिजला तर त्रास कानाला होतो. गाडी वळणावर थोडी जास्त झुकते, पण चाक जागेवर राहतं. काही दिवस हळू चालवता येते. पूर्ण तुटलेला असेल तर मात्र लोंबणारी सळई टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागू शकते, तेव्हा तो लगेच काढावा.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट ही वेगळी गोष्ट आहे. तो वाटीतून निसटला तर चाकाला खालून धरणारं काही उरत नाही. चाक बाहेरच्या बाजूला मोडल्यासारखं पडतं आणि स्टीअरिंग आपल्या हातात राहत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यांवर चाक फाकून उभ्या राहिलेल्या गाड्या आपण पाहिलेल्या असतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. वाईट भाग असा, की सुरुवातीला हा सांधाही अगदी लिंक रॉडसारखाच टकटक करतो. म्हणून ‘लिंक रॉडच असेल, चालतंय’ असं घरी बसून ठरवू नये. बारा-सहाच्या चाचणीत ढिलाई, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढली जाणं, ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग भरकटणं, टायर एकाच कडेने झिजणं, यातलं काहीही आवाजासोबत असेल तर घाट, महामार्ग, लांबचा प्रवास बंद. टाय रॉड एंडच्या ढिलाईलाही हाच नियम. स्प्रिंगचा वेटोळा तुटलेला दिसला तरी तोच, कारण तुटलेलं टोक टायर फाडू शकतं.

बदलताना मेख कुठे असते?

लिंक रॉड बदलणं हे कागदावर दोन नटांचं काम. प्रत्यक्षात पावसाळे खाल्लेला नट गंजलेला असतो आणि पाना फिरवला की नटासोबत गोळाही वाटीत गरगर फिरतो. त्यासाठी दांड्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक किंवा मागे पान्यासाठी सपाट बाजू असते, ती धरून नट सोडवायचा. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवला, तारेच्या ब्रशने आटे साफ केले, तर निम्मं काम होतं. नाही सुटला तर ग्राइंडर. कापताना शेजारची ब्रेकची नळी जपायची. नव्या लिंकसोबत येणारे नवे नट वापरायचे, जुने नायलॉनचे नट पुन्हा लावायचे नाहीत. एकच बाजू वाजत असली तरी जोडी बदलावी. दुसरी बाजूही तेवढेच पावसाळे पाहिलेली असते.

लोअर आर्मच्या बुशांबाबत एक चूक फार होते. गाडी लिफ्टवर, चाक लटकलेलं आणि त्याच अवस्थेत बुशाचा बोल्ट पूर्ण आवळला जातो. गाडी खाली आली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत राहतं. नवा बुश मग लवकर फाटतो आणि ‘आजकाल पार्टच चांगले येत नाहीत’ हे वाक्य जन्माला येतं. योग्य पद्धत अशी, की बोल्ट आधी हाताने बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग शेवटचं आवळायचं, तेही टॉर्क पान्याने, कंपनीच्या आकड्याप्रमाणे. हे विचारल्यावर मिस्त्री चिडला तर चिडू द्या. अनेक गाड्यांमध्ये बॉल जॉइंट आर्ममध्येच पक्का बसवलेला असतो. तिथे अख्खा आर्म बदलावा लागतो, यात फसवणूक नाही. शॉकअपही एका अॅक्सलचे दोन्ही एकदम बदलतात, आणि ते बदलताना वरचं माउंटिंग आणि बेअरिंग थकलेलं असेल तर तेही त्याच वेळी घालावं. नाहीतर तीच मजुरी पुन्हा.

नुसता लिंक रॉड बदलला तर अलाइनमेंटची गरज नसते. स्ट्रट, लोअर आर्म, टाय रॉड यातलं काहीही उघडलं असेल तर ती हवीच. चाकाचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या.

टायरमधली हवाही बघा. ‘खड्ड्यात कमी आदळावी म्हणून’ हवा कमी ठेवणारे असतात. त्याने टायरच्या कडा आणि रिम मार खातात. ‘मायलेजसाठी’ जास्त भरणारे असतात, ते प्रत्येक धक्का सरळ या सांध्यांवर पाठवतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, तोच योग्य.

खड्ड्याचा खर्च कोण देणार?

विमा? बहुतेक वेळा नाही. आपल्याकडच्या कारच्या सर्वसमावेशक विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. महिनोन्‌महिने खड्डे खाऊन झिजलेला लिंक रॉड म्हणजे झीज. एखाद्या खड्ड्यात गाडी जोरात आदळून आर्म वाकला, रिम फुटलं, तर तो अपघात म्हणून दावा करता येतो, त्यासाठी जागेवरचे फोटो आणि कंपनीला तातडीने कळवणं आवश्यक. नुसता टायर फुटला तर सामान्य पॉलिसीत भरपाई मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालेलं असेल तरच टायरचा विचार होतो, आणि तोही अर्ध्या किमतीपर्यंत. छोट्या दाव्यासाठी नो क्लेम बोनस गमवायचा का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सरकार किंवा महापालिका? चांगला रस्ता मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. हे आवश्यकच होतं. पण ते जिवाच्या आणि शरीराच्या हानीबद्दल आहे. बुश, लिंक, शॉकअप आणि अलाइनमेंट यांचं बिल आपल्याच खिशातून जातं. मुंबई-गोवा महामार्गाचं २०११ मध्ये सुरू झालेलं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलं, त्या काळात त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांनी रस्ते कर भरला, काही ठिकाणी टोल भरला आणि वर गॅरेजचं बिलही भरलं. खड्ड्यांचा खर्च मोजताना खडी-डांबराचा हिशेब होतो, लाखो गाड्यांखाली झिजलेल्या या वाट्यांचा होत नाही.

यंदा गावी निघण्याआधी मी गाडी त्याच मिस्त्रीकाकांकडे नेली, या वेळी नुसत्या तपासणीसाठी. लिफ्टवर वीस मिनिटं गेली. उजव्या लोअर आर्मचा मागचा बुश तडकायला लागलाय, असं त्यांनी टॉर्च मारून दाखवलं. ‘हा पावसाळा काढेल, दिवाळीला ये.’ तपासणीचे तीनशे रुपये झाले. आणि निघताना मागून येणारी खणखण? ती जॅकच्या पान्याची होती, फडक्यात गुंडाळून परत ठेवला.